हातचा एक

सोइला, नवा पत्ता लिहून घे.
कॅन्ससचा आग्नेय कोपरा. रेल्वेचं गाव,
रेल्वे आता फक्त शिट्टी मारून पुढे निघून जाते.
माझ्या दारावर पितळी पाटी आहे: इयत्ता चौथी.
शाळा बंद पडली, वर्गांच्या खोल्या केल्या
साठी उलटलेल्या, मिळकत बेताच्या माणसांसाठी.
इमारत जुनी, म्हणून फळा काढायला मनाई.
तर एक पलंग, एक शेगडी,
आणि भिंतभर काळा फळा.

गाव मी निवडलं असं समजू नकोस.
मुलीच्या शहरात मोटार उभी करायला जे लागतं
तेवढ्यात इथे माणूस राहतो.
टक्सनला नंबर लागायला चार वर्षं,
टोलीडोची खोली स्वस्त, पण पायऱ्या तेवीस,
आणि माझा खुबा प्रत्येक पायरी मोजून घेतो.
त्या खुब्यासाठीच आले ना मी!
म्हातारपणचा सरकारी विमा तुमच्या डोंगरावर चढत नाही.

बँकेतल्या पोरीने स्क्रीन माझ्याकडे फिरवली:
अकरा वर्षांत कर्ज नाही, कार्ड नाही, हप्ता नाही.
म्हणजे मॅडम, तुमच्यावर भरवसा ठेवायला काहीच नाही.
बापाच्या घरी ही मिरवायची गोष्ट होती.
मी पासबुक पर्समध्ये ठेवलं
आणि तिच्या टेबलावरची एक गोळी उचलली. पुदिन्याची.

क्वेंकात हाच डॉलर लांबवर पुरायचा.
पेन्शनमध्ये बाल्कनी, शनिवारी फुलं,
तुझ्या हातचा उकडलेला मका.
आम्ही आलो आणि तुझ्या गल्लीत भाडी चढली,
तुझा विल्सन बायकोमुलांना घेऊन
तीन टेकड्यांपलीकडे राहायला गेला.
तू कधी बोलली नाहीस.
मीही नाही बोलले. मला वाटायचं, मी गरीब आहे,
गरिबामुळे कुणाचं काय महागणार?
इथे भाड्याच्या जाहिराती वाचताना
रोज विल्सनची आठवण यायची.

खडूचा डबा खिडकीत सापडला. मग फळ्यावर हिशोब मांडला:
अकराशे त्रेसष्ट वजा चारशे अठरा.
औषधं, वीज, फोन खाली लिहायचे होते,
पण पहिल्याच ओळीत अडकले.
समोरच्या तिसरीतला मर्ल ऑस्ट्रँडर
भोपळ्याचा पाव घेऊन दारात उभा होता.
वय एक्याऐंशी, कानाला यंत्र, पायात घरातल्या सपाता.
म्हणाला, तीनातून आठ जात नाहीत,
शेजारच्या सहाकडून एक उसना घ्या.
ह्याच वर्गात शिकलोय.
तुमची शेगडी आहे ना, तिथे माझा बाक होता,
आणि तुमच्या उशीपाशी मिस ट्विचेलची छडी.

सातशे पंचेचाळीस उरले.
औषधांपर्यंत जाता जाता
उसनं द्यायला शेजारी कुणी उरेना,
तेव्हा आम्ही खडू ठेवला आणि पाव कापला.

मर्ल ह्या जिल्ह्याबाहेर राहिलेला नाही.
मला वाटलं, विचारेल, परत का आलात?
सगळे तेच विचारतात, जरा हळू आवाजात,
नापास झालेल्याला विचारावं तसं.
त्याने विचारलं, तिथे नद्या आहेत का?
आमची एकच आहे, तीही मचूळ.

मग मी हिशोबाच्या शेजारी तुझं गाव काढलं.
टोमेबाम्बा, तिच्या काठी कपडे वाळत घालणाऱ्या बायका.
यानुंकाय. टार्की.
पूल काढले, चर्चचे निळे घुमट
पांढऱ्या खडूने काढले आणि निळे आहेत म्हणून सांगितलं.
तुझं दार काढलं. दारापाशी मक्याचं पातेलं.
पातेलं दारापेक्षा मोठं झालं, ते तसंच राहू दिलं.

चौथ्या नदीची रेघ ओढली
आणि नाव आठवेना.
अकरा वर्षं तिच्यावरून बसने गेले, सोइला,
खिडकीशी बसून.

तेवढं नाव लिहून पाठव.
पाकिटावर पत्त्यात चौथी लिहिलंस तरी पोचेल.
घाई नाही. रेघेपाशी जागा सोडली आहे,
आणि कोपऱ्यात मर्लने चौकट करून,
वळणदार शाळकरी अक्षरात लिहून ठेवलंय:
पुसू नये.